दाढेचा ठणका, रूट कॅनाल आणि अँटिबायोटिक

दाढ असह्य होते ती बहुधा रात्री. माणूस आडवा झाला की डोक्याकडील रक्ताचा दाब किंचित वाढतो आणि दाह झालेल्या दाताच्या आतील ताणही वाढतो. घरात लवंगेचे तेल शोधले जाते, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरल्या जातात आणि सकाळ उजाडताच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ‘दाढेसाठी काहीतरी द्या’ अशी मागणी होते. दुकानदार वेदनाशामक गोळ्यांबरोबर अँटिबायोटिकची स्ट्रिपही पुढे सरकवतो. दोन-तीन दिवसांत ठणका थांबतो, दंतवैद्याकडे घेतलेली वेळ रद्द केली जाते आणि गोळ्यांनी दाढ बरी केली, असा समज पक्का होतो. काही महिन्यांनी त्याच दाढेखाली गळू होऊन गाल सुजतो, तेव्हा पुन्हा त्याच स्ट्रिपची आठवण होते.

दंतवैद्याच्या दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णांची गोष्टही फारशी वेगळी नाही. रूट कॅनाल करायचे ठरले की आधी काही दिवस आणि नंतर काही दिवस प्रतिजैविके, असा जणू शिरस्ताच आपल्याकडे अनेक ठिकाणी पडून गेला आहे. एखाद्या दंतवैद्याने केवळ वेदनाशामक गोळी लिहून दिली, तर ‘अँटिबायोटिक लिहायला डॉक्टर विसरले काय?’ अशी शंका रुग्णाला येते. वस्तुस्थिती अशी, की एरवी निरोगी असलेल्या प्रौढ व्यक्तीला रूट कॅनालसाठी प्रतिजैविकांची गरज बहुतेक वेळा नसते. उपचारापूर्वी नसते आणि उपचारानंतरही नसते.

हे विधान चमत्कारिक वाटते, कारण हा विकार जंतूंमुळेच होतो. त्याबद्दल वैद्यकशास्त्राला शंका नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. त्यांनी उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून आतील गर उघडा केला. सर्वसाधारण वातावरणात वाढलेल्या उंदरांच्या दाढा आतून सडल्या, मुळांशी गळवे झाली. पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांमध्ये मात्र, अन्नाचे कण अडकूनही, तसे काही झाले नाही. उलट उघडा पडलेला गर स्वतःला सावरू लागला. दाताच्या आतील नाश जंतूच घडवून आणतात, हे त्यातून सिद्ध झाले. मग जंतूंना मारणारे औषध का नको?

जिथे रक्त नाही, तिथे औषध नाही

याचे उत्तर दाताच्या रचनेत दडलेले आहे. दाताच्या कठीण कवचाच्या आत, अगदी मधोमध, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ गर असतो. बोलीभाषेत त्यालाच ‘दाताची नस’ म्हणतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या, मिलिमीटरचा काही दशांश एवढ्याच व्यासाच्या छिद्रातून या गराला रक्त पोहोचते. शरीरात इतरत्र दाह झाला की तो भाग सुजतो, पसरतो. दाताच्या आत पसरायला जागाच नसते. चारी बाजूंनी कठीण भिंती आणि आत वाढत जाणारा दाब, अशा कोंडीत मज्जातंतू सापडतात. दाढेची कळ इतकी जीवघेणी असते ती यामुळे.

कीड खोलवर पोहोचल्यावर पहिला टप्पा या दाहाचा असतो. गर अजून जिवंत असतो. गरम चहाचा घोट घेतला की कळ उठते आणि बराच वेळ जिरत नाही. या अवस्थेतील वेदना प्रामुख्याने दाहाची आणि दाबाची असते. प्रतिजैविके जंतूंवर काम करतात, दाहावर नाही आणि दाबावर तर नाहीच.

दुसऱ्या टप्प्यात गर मरतो. मुळाच्या टोकाशी असलेला रक्ताचा मार्ग बंद पडतो आणि मृत गरात जंतूंची वस्ती वाढत जाते. नळीच्या भिंतींना चिकटून, स्वतःभोवती चिकट थर तयार करून ते राहतात. तोंडाने घेतलेली गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून शरीरभर जाते. पण या दाताच्या आत रक्तच जात नसल्याने औषधही पोहोचत नाही. ज्या इमारतीचा पाण्याचा जोडच तोडलेला आहे, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचा माठ तळमजल्याच्या टाकीत औषध टाकून शुद्ध होत नाही. तसेच हे आहे. माठ हाताने घासावा लागतो.

मग गोळ्या घेतल्यावर ठणका थांबतो, तो का? बहुतेक वेळा गर मेला म्हणून. मज्जातंतूच नष्ट झाल्यावर वेदना कोण सांगणार? कधी सोबतच्या वेदनाशामक गोळीचा तो परिणाम असतो. कधी आत साठलेल्या पुवाला हिरडीवरच्या पुटकुळीतून वाट मिळालेली असते आणि दाब ओसरतो. या तीनही गोष्टी गोळ्या घेतल्या नसत्या तरी घडल्या असत्या. श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळते. रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात घातक भाग हाच आहे, कारण वेदना थांबणे ही त्याला बरे झाल्याची खूण वाटते, तर प्रत्यक्षात आजार पुढच्या पायरीवर गेलेला असतो.

या तर्काला प्रयोगांचाही आधार आहे. २००० साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी दाढेच्या गराला तीव्र दाह झालेल्या ४० रुग्णांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सात दिवस पेनिसिलीन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वेदनाशामक गोळ्या मात्र दोन्ही गटांना दिल्या होत्या. वेदनेच्या तीव्रतेत आणि घ्याव्या लागलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या संख्येत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला आणि २०१९ पर्यंत तो वेळोवेळी अद्ययावत केला. त्यात निकषांना उतरणारा प्रयोग हा एकच सापडला. ४० रुग्णांचा एक प्रयोग हा भक्कम पुरावा नव्हे, असे त्या आढाव्यातही नमूद आहे. परंतु प्रतिजैविकांनी हा ठणका कमी होतो असे दाखवणारा पुरावा त्याहूनही दुर्मीळ आहे. गर मेलेल्या दातांबाबत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात, रूट कॅनालची साफसफाई झाल्यानंतर पेनिसिलीन दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या वेदनेत वा सुजेत लक्षणीय फरक दिसला नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टोलॉजी या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना याच दिशेने आहेत. दातावर प्रत्यक्ष उपचार उपलब्ध असतील आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक असेल, तर दातदुखीसाठी किंवा एका जागी मर्यादित असलेल्या गळवासाठीही प्रतिजैविके देऊ नयेत, असा त्यांचा रोख आहे.

जंतू मारतो तो उपचार

रूट कॅनाल हाच मुळात जंतू घालवण्याचा उपचार आहे, ही गोष्ट गोळ्यांच्या नादात विसरली जाते. दात बधिर करून दंतवैद्य वरून छिद्र पाडतो, सडलेला किंवा दाह झालेला गर काढतो, बारीक कानशींनी मुळांच्या नळ्या घासून रुंद करतो आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने त्या पुन्हा पुन्हा धुतो. हे द्रावण म्हणजे घरातल्या ब्लीचचाच सौम्य, मोजून मापून वापरलेला अवतार. जंतूंना मारण्याबरोबरच मृत गराचे अवशेष विरघळवण्याचा गुण त्यात आहे. कोणतीही गोळी हे काम करू शकत नाही. उपचार दोन भेटींत होणार असेल तर मधल्या काळात नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. १९२० मध्ये हर्मन या जर्मन दंतवैद्याने ते वापरात आणले. रासायनिकदृष्ट्या तो विड्याला लावायचा चुनाच. (म्हणून कोणी घरच्या घरी दाढेत चुना भरू नये, हिरडी भाजण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.) शेवटी स्वच्छ झालेल्या नळ्या गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद केल्या जातात आणि दातावर टोपी बसवली जाते.

हे चालू असताना लाळ दातात उतरू न देणे फार महत्त्वाचे, कारण लाळ म्हणजे जंतूंचा ओघच. त्यासाठी दाताभोवती रबरी पडदा ताणून बसवतात. ‘रबर डॅम’ या नावाने तो १८६४ पासून दंतवैद्यकात आहे. खरे तर रुग्णाने चौकशी करायची तर या पडद्याची करावी. रबर डॅम न लावता रूट कॅनाल उरकायचे आणि वर पाच दिवसांचा कोर्स लिहून द्यायचा, हा उलटा कारभार झाला. जंतू आत सोडायचे आणि जिथे पोहोचता येत नाही अशा ठिकाणी त्यांच्यामागे गोळ्या धाडायच्या.

‘आधी सूज उतरू दे, मग हात लावू’ हे वाक्यही दवाखान्यांत वारंवार ऐकू येते. त्यामागे एक खरी अडचण आहे. दाह झालेल्या भागात आम्लता वाढते आणि भूल देणारे औषध तिथे नेहमीसारखे काम करत नाही. विशेषतः खालच्या दाढांच्या बाबतीत नेहमीचे इंजेक्शन देऊनही रुग्ण कळवळतो. परंतु त्यावरचा उपाय भूल देण्याच्या पद्धतीत आहे. दाढेपासून दूर, मज्जातंतूच्या उगमाकडे इंजेक्शन देणे, दाताच्या बाजूने किंवा थेट हाडात जादा मात्रा देणे, असे अनेक मार्ग दंतवैद्याला माहीत असतात. शिवाय सूज पुवाची असेल, तर पू बाहेर काढणे हीच तिची पहिली आणि सर्वांत परिणामकारक चिकित्सा होय. दात उघडताच किंवा हिरडीला छेद देताच पू वाहून जातो आणि रुग्णाला खुर्चीतच हायसे वाटते.

उपचारानंतर दोन-तीन दिवस दाढ चावताना दुखणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. मुळाच्या टोकाजवळच्या ऊतींना झालेल्या त्रासाची ती वेदना असते आणि तिला आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा दोन्ही एकत्र, अशी वेदनाशामके पुरतात. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर मुळीच नाही.

गोळी लागतेच, ती कधी

प्रतिजैविके दंतवैद्यकातून हद्दपार करावीत असा याचा अर्थ नव्हे. काही प्रसंगी ती न देणे जिवावर बेतू शकते. संसर्ग दाताची आणि हिरडीची हद्द ओलांडून पसरू लागला, ताप आला, अंग मोडून आले, जबड्याखालच्या गाठी सुजल्या, गालावरची सूज तासातासाने डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, तर शरीराला औषधाची मदत हवी असते. तोंड पुरते उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, श्वासाला अडथळा होतो, ही लक्षणे असतील तर दवाखान्याची वेळ घेत बसू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. तो आजही रुग्णांचा श्वासमार्ग बंद करू शकतो आणि अनेकदा त्याची सुरुवात खालच्या किडलेल्या दाढेतून झालेली असते. तिथेही केवळ गोळ्या-इंजेक्शनांवर भागत नाही. पू काढावा लागतो आणि मूळ दाताचा निकाल लावावा लागतो.

खेळताना किंवा अपघातात मुळासकट निखळलेला दात पुन्हा बसवताना प्रतिजैविके दिली जातात. कर्करोगावरील औषधे, अवयव प्रत्यारोपण किंवा ताब्यात नसलेला मधुमेह यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर दंतवैद्याने रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यायचा असतो. रक्तातील साखर आटोक्यात असलेल्या मधुमेही व्यक्तीला केवळ मधुमेह आहे म्हणून गोळ्या देण्याचे कारण नाही.

हृदयरोग्यांबाबत सर्वाधिक गोंधळ आढळतो. दातांच्या उपचारात क्षणभर जंतू रक्तात शिरतात आणि काही विशिष्ट रुग्णांत ते हृदयाच्या आतल्या आवरणावर ठाण मांडू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही यादी बरीच आखडती घेतली आणि २०२१ मध्ये तीच कायम ठेवली. कृत्रिम झडप बसवलेले किंवा झडपेच्या दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेले रुग्ण, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेले, काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष असलेले आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडपेत दोष निर्माण झालेले, एवढ्यांसाठीच उपचाराआधी अर्धा ते एक तास औषधाचा एकच डोस सुचवला आहे. पाच दिवसांचा कोर्स त्यांनाही सांगितलेला नाही. बायपास झालेली, अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवलेला किंवा पेसमेकर लावलेला, यांचा या यादीत समावेश नाही. गुडघा बदललेल्यांनाही सर्वसाधारणपणे त्याची गरज नसते. आपल्याकडे र्‍हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेले रुग्ण अजूनही पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि पेनिसिलीनची नियमित इंजेक्शने चालू असतील तर ते दंतवैद्याला न विसरता सांगावे, कारण अशा वेळी दुसऱ्या गटातील औषध निवडावे लागते.

‘घेतली जास्तीची गोळी, तर बिघडले काय?’ असा प्रश्न उरतोच. बिघडते ते दोन पातळ्यांवर. गोळी घेणाऱ्याला पुरळ, मळमळ, जुलाब होऊ शकतात. पेनिसिलीनच्या कुळातील औषधांची ॲलर्जी क्वचित प्राणघातक ठरते. आतड्यातील उपयुक्त जंतू मारले गेल्याने क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे गंभीर जुलाब होऊ शकतात. दाढेसाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल हे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढवते, याची कल्पना किती ज्येष्ठ नागरिकांना असते?

दुसरी पातळी समाजाची. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, हे औषध दुकानात कोणालाही मिळू लागले आणि लोक ते अपुऱ्या मात्रेत घेऊ लागले तर जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. दाढेसाठी दुकानातून दोन-चार गोळ्या सुट्या घेणारा माणूस नेमके तेच करत असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत अशा औषधांच्या पाकिटावरील लाल रेघ लोकांनी ओळखावी, यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीम हाती घेतली. रेघ छापलेली असते. ती पाहून हात आखडणारा ग्राहक आणि दुकानदार मात्र विरळा.

या सवयीची मुळे केवळ अज्ञानात नाहीत. रूट कॅनाल आणि टोपी यांचा खर्च खासगी दवाखान्यात काही हजारांच्या घरात जातो, स्ट्रिप फार तर शे-दोनशे रुपयांत मिळते. महिनाअखेरीस दाढ दुखू लागलेल्या माणसाला गोळी म्हणजे उधारीवर मिळालेली सवड वाटते. दंतवैद्यालाही संध्याकाळच्या गर्दीत तासभराचे काम करण्यापेक्षा चिठ्ठी लिहून पुढची तारीख देणे सोपे जाते आणि रात्री रुग्णाचा फोन येऊ नये ही धास्ती असतेच. शिवाय अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर ‘हलका’, हा आपल्या मध्यमवर्गाचा आवडता निष्कर्ष आहे.

अडचण प्रामाणिक असते ती दंतवैद्य आवाक्यात नसतो तेव्हा. गणपतीला कोकणातल्या गावी गेलेल्या माणसाची दाढ दुसऱ्या दिवशी बंड पुकारते. अशा प्रसंगाचाही अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचनांत विचार केलेला आहे. गर जिवंत असून केवळ दाहाने ठणकत असेल, तर उपचार लांबणार असला तरी प्रतिजैविक देऊ नये, वेदनाशामकांवर भागवावे. गर मेला असून मुळाशी गळू झाले असेल आणि लगेच उपचार मिळणार नसेल, तर डॉक्टर ते देऊ शकतात. यांतील कोणती अवस्था आहे हे रुग्णाला आरशात पाहून ठरवता येत नाही. निदान फोनवर तरी दंतवैद्याशी बोलावे. ठरावीक पाच किंवा सात दिवस पुरे केलेच पाहिजेत, हा जुना दंडकही या सूचनांनी सैल केला आहे. तीन दिवसांनी रुग्णाची पुन्हा चौकशी करावी आणि लक्षणे पूर्ण थांबल्यावर २४ तासांनी औषध बंद करावे, असे त्या सांगतात. औषध थांबवण्याचा निर्णय अर्थातच लिहून देणाऱ्याला विचारून घ्यायचा.

पूर्ण रूट कॅनालला वेळ किंवा पैसा नसेल, तरी दाढ उघडून दाह झालेला गर काढणे हे पहिले काम एकाच भेटीत होते आणि ठणका त्यानेच थांबतो. नळ्यांचे उरलेले काम आणि टोपी पुढच्या भेटींत करता येते. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे पालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यांच्या मानाने बऱ्याच कमी खर्चात होतात. दाढ वाचवण्यासारखी नसेल, तर ती काढून टाकणे हादेखील संसर्गावरचा पूर्ण उपचारच आहे.